उत्तरेची बाल्कनी आणि नागपूरचा मे महिना : पीस लिली लावावी की अँथुरियम?

सावलीतली_बाग

नमस्कार मंडळी. मनीषनगर, तिसरा मजला, उत्तरेकडे तोंड असलेली बाल्कनी. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद. हिवाळ्यात उन्हाचा कवडसाही येत नाही. पश्चिमेची बाजू उघडी आहे. इथे फुलणारं झाड हवंय. मनीप्लांट, क्रोटन, रबर प्लांट अशी नुसत्या पानांची मंडळी घरात भरपूर आहेत. शोधता शोधता यादी दोन नावांवर आली आहे, पीस लिली आणि अँथुरियम. दोन्ही सावलीतली म्हणून विकतात. दोघांचं कुळही एकच, आपल्या अळू-सुरणाचं. फुलाची ठेवणही तीच : मधे कणसासारखा दांडा आणि त्याला टेकलेलं एक पान, पीस लिलीत पांढरं, अँथुरियममध्ये बहुतेक लाल किंवा गुलाबी.

मग फरक नेमका कशात? माती, पाणी, खत यांत किती? आणि आपल्या एप्रिल ते जूनमध्ये कोण तगतं? "सावलीत ठेवा, रोज पाणी घाला" एवढं नर्सरीत सांगतात. त्यापुढचं इथे कळेल म्हणून विचारतेय. चार कुंड्यांची जागा आहे.

गोकुळपेठी

पीस लिली घ्या ताई. अँथुरियमचे लाड मे महिन्यात कोण पुरवणार?

मुळाक्षर

वरून दोघी बहिणी दिसतात, पण कुंडीतून काढून शेजारी ठेवा, लगेच उलगडा होतो. पीस लिलीची मुळं बारीक आणि दाट. पूर्ण वाढलेलं रोप उपसलं तर कुंडीच्या आकाराचा गोळाच बाहेर येतो, माती दिसतही नाही. अँथुरियमची मुळं मोजकी, सुतळीएवढी जाड, पिवळसर पांढरी, टोकाशी किंचित हिरवट गुलाबी. खोडाच्या गाठींवरूनही मुळं फुटतात आणि हवेतच लोंबत राहतात.

कारण मूळ घर वेगळं. पीस लिली मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलात जमिनीवर, ओढ्याकाठच्या ओलाव्यात वाढते. अँथुरियम कोलंबिया आणि इक्वेडोरच्या डोंगरउतारांवरचं, झाडांच्या फांद्यांवर शेवाळ-पालापाचोळ्यात मुळं रोवून राहणारं. त्याच्या मुळांना भिजणं आणि सुकणं दोन्ही लागतं, आणि सगळ्यात जास्त हवा लागते. त्यामुळे एकाच मिश्रणात दोन्ही लावली की एक नक्की बिघडतं.

पीस लिलीसाठी : कोकोपीट ४ भाग, चांगलं मुरलेलं गांडूळखत किंवा पानांचं खत ३ भाग, लाल माती २ भाग, पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) किंवा जाडी रेती १ भाग. नुसत्या कोकोपीटमध्ये ठेवू नका. ते वरून कोरडं आणि आतून चिंब असतं, फसवतं.

अँथुरियमसाठी माती शून्य. नारळाच्या सोडणाचे अर्धा ते पाऊण इंचाचे तुकडे २ भाग, लाकडी कोळशाचे तेवढेच तुकडे १ भाग, विटांचे तुकडे १ भाग, गांडूळखत अर्धा भाग. सोडण आधी २४ तास पाण्यात बुडवा, तपकिरी पाणी फेका, पुन्हा भरा, असं तीनदा. त्यातले क्षार आणि टॅनिन निघाले नाहीत तर कोवळ्या मुळांची टोकं काळी पडतात. विटा जुन्या, पूर्ण भाजलेल्या घ्या. अर्धवट भाजलेली वीट चार महिन्यांत चिखल होते आणि खालची भोकं बुजवते.

अबोली_४४००१०

@मुळाक्षर, काळी माती अजिबातच नको का? इकडे तीच फुकट मिळते.

मुळाक्षर

@अबोली, कुंडीत तरी नको. आपली काळी कापसाची माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगा पडतात. जमिनीत झाडाला पळायला जागा असते. कुंडीत ती फुगल्यावर मुळांभोवतीची हवा संपते आणि भेगाळल्यावर बारीक मुळं ओढली जाऊन तुटतात. पीस लिलीचं नुकसान दोन्ही बाजूंनी होतं. अँथुरियमचा तर प्रश्नच येत नाही. वापरायचीच असेल तर पीस लिलीच्या मिश्रणात दहावा भाग, त्याहून जास्त नाही.

पुणेरी_पानं

दोन्ही झाडांना दमट हवा हवी, त्यामुळे दिवसातून दोनदा पानांवर फवारा मारला की काम होतं. आमच्याकडे सगळे तेच करतात. यात एवढं अवघड काय?

वैशाखवणवा

@पुणेरी_पानं, तुमच्याकडे मे महिन्यात संध्याकाळी वारा गार होतो आणि वळवाची सरही येते. इथे दुपारी ४४-४५ अंश, हवेतली आर्द्रता कित्येकदा २० टक्क्यांच्या खाली आणि वर लू, म्हणजे भाजणारा कोरडा वारा. पानांवर मारलेलं पाणी पाच-सात मिनिटांत उडतं, दमटपणाही तेवढ्यापुरताच. अशा हवेत फवाऱ्यावर विसंबून राहू नये.

आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे. "उत्तरेची बाल्कनी म्हणजे ऊन नाही" हे नागपुरात मेपासून जुलैपर्यंत चुकतं. नागपूर २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. म्हणजे २६ मेच्या आसपास सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. उगवतो आणि मावळतो तर मार्चअखेरीपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उत्तरेकडे झुकूनच. म्हणजे हिवाळ्यात काळोखी असलेल्या तुमच्या बाल्कनीत ऐन नवतपात (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) सकाळी ईशान्येकडून आणि दुपारी चारनंतर वायव्येकडून थेट ऊन शिरतं. पश्चिम उघडी आहे म्हणता, तिथून ते तिरपं ऊन आतपर्यंत येईल. सकाळचं ऊन दोन्ही झाडं सोसतात. चारनंतरचं सोसत नाहीत, पानाच्या मधोमध कागदासारखा पांढरट तपकिरी डाग पडतो आणि तो पुन्हा हिरवा होत नाही.

म्हणून आधी झाड विकत घेऊ नका, आधी पश्चिमेच्या टोकाला ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट उभी बांधा, कठड्यापासून छतापर्यंत. वाळ्याची ताटी असेल तर फारच उत्तम.

दुसरी गोष्ट भिंतीची. तापलेली भिंत रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते. सावली असते, गारवा नसतो. भिंतीला हात लावून बघा, चटका बसत असेल तर कुंडी भिंतीपासून निदान एक फूट पुढे. फरशीवरही थेट ठेवू नका. दोन विटांवर ठेवा, खालून हवा खेळते.

गोकुळपेठी

हे २६ मेचं एकदम पटलं. उत्तरेच्या बाल्कनीतले पडदे मे महिन्यातच काहून विटून राहिले, त्याचं उत्तर मिळालं बाप्पा!

काकूंची_गच्ची

वैशाखवणवांनी उन्हाचं सांगितलं, मी उजेडाचं सांगते. सावलीत जगणं वेगळं आणि सावलीत फुलणं वेगळं. पीस लिली खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीपासून आठ फुटांवरही हिरवीगार राहते, पण वर्षभर एक फूल देत नाही. अँथुरियम तशा जागी देठ लांबवतं, पानं लहान काढतं आणि फुलायचं थांबतं.

सोपी चाचणी : सकाळी अकराच्या सुमारास पानाच्या एक फूट वर तळहात धरा. पानावर हाताची सावली कडा पुसट पण बोटं ओळखू येतील अशी पडली, तर तो उजेड अँथुरियमच्या फुलांना पुरतो. सावली नुसती धूसर ढगासारखी पडली, तर पीस लिली फुलेल, अँथुरियम नाही. काहीच पडली नाही, तर दोघींनाही नुसती पानं. सावली ठळक, कडा धारदार, तर जागा जास्त उन्हाची आहे, आत सरकवा.

पीस लिलीचा मोठा बहर आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, पाऊस सरल्यावर थोडी फुलं पुन्हा. अँथुरियमचं गणित निराळं आहे. त्याला ऋतू नसतो, त्याला पान मोजायचं असतं. प्रत्येक नव्या पानाच्या बगलेत एक फूल. नवं पान गुंडाळलेलं, तांबूस, ओलसर चकचकीत येतं. ते उलगडून ताठ झालं की देठाच्या बुडाशी पातळ कागदी वेष्टण फाटतं आणि त्यातून टोकदार कळी वर येते. म्हणजे वर्षाला सहा पानं आली तर फार तर सहा फुलं. त्या कळ्या न आल्या तर उजेड कमी किंवा नत्र जास्त, दोनातलं एक. मात्र एकेक फूल झाडावर दीड-दोन महिने टिकतं, त्यामुळे तीन फुलांत चार-पाच महिने निघतात.

सावलीतली_बाग

काकू, अगदी हेच हवं होतं. एक शंका : नर्सरीतली पीस लिली आठ-दहा फुलांनी भरलेली असते. घरी आणल्यावर ती फुलं गेली की वर्षभर काहीच येत नाही असं पुष्कळ लोक म्हणतात. जागा चुकते म्हणून का?

हिरवा_चाफा

जागा हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं की पीस लिली विक्रीच्या आधी फुलवण्यासाठी जिबरेलिक अॅसिड या वनस्पती-संप्रेरकाची फवारणी करतात. व्यवसायातली जुनी, मान्य पद्धत आहे ती. लहान वयाच्या रोपालाही एकदम फुलं येतात. त्या धक्क्याची फुलं ओसरली की झाड आपल्या वयाप्रमाणे वाढायला लागतं आणि पुढचा बहर यायला आठ-दहा महिने, कधी वर्षही लागतं. झाड बिघडलेलं नसतं, धीर धरा. विकत घेताना फुलं मोजण्यापेक्षा बुंधे मोजा. एका कुंडीत चार-पाच फुटवे, पानांची पाठ स्वच्छ, आणि कुंडीच्या तळाच्या भोकातून पांढरी मुळं दिसत असलेली कुंडी उचला.

आणि @पुणेरी_पानं, फवाऱ्याबद्दल आणखी एक. अँथुरियमला जिवाणूजन्य करपा होतो. पानाच्या कडेला पाणी भरल्यासारखे ठिपके, मग ते तपकिरी होऊन भोवती पिवळी कडा. तो जिवाणू पानावरच्या पाण्याच्या थेंबांवाटे पसरतो, एका कुंडीवरून दुसरीवर उडतो. पावसाळ्यात, दमट बंद हवेत फवारा मारणं म्हणजे त्याला वाट करून देणं. औषधाने तो बरा होत नाही. डागाळलेलं पान देठासकट कापा, प्रत्येक कापानंतर पातं स्पिरिटने पुसा, कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा. पिवळेपणा खोडापर्यंत उतरला तर रोप फेकून द्या, खतात टाकू नका. नत्राचा मारा केलेल्या रोपाला हा करपा लवकर धरतो.

पुणेरी_पानं

हे मान्य. पण मग एप्रिल-मेमध्ये दमटपणा आणायचा कुठून? खडे-पाण्याची ताटली?

वैशाखवणवा

ताटलीने उघड्या बाल्कनीत नावापुरता फरक पडतो. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवणं, मधे मोठ्या पानांची दोन-तीन झाडं, बाजूला ओलं गोणपाट किंवा वाळ्याची ताटी, आणि फरशीवर दुपारी दोनदा पाणी शिंपडणं, हे जमून येतं. गोणपाट वाऱ्याच्या बाजूला हवं, म्हणजे लू त्यातून गाळून येते.

दुहेरी कुंडीही करून पाहण्यासारखी आहे. आठ इंची प्लॅस्टिकची कुंडी बारा इंची मातीच्या कुंडीत बसवा, मधल्या पोकळीत रेती भरा, रेती ओली ठेवा. माठाचंच तत्त्व. मातीच्या भिंतीतून पाणी उडतं आणि आतली मुळं गार राहतात. आतल्या कुंडीचं तोंड रेतीच्या दोन बोटं वर आणि तळ रेतीच्या थरावर असू द्या, नाहीतर पाणी आत झिरपून अँथुरियमचं मूळ सडेल.

आणि कूलर. कूलरच्या थेट झोतात कुंडी नको, कोवळी पानं एकमेकांवर घासून फाटतात. झोताच्या बाजूला, चार-पाच फुटांवर ठेवली की दमट हवाही मिळते.

गोकुळपेठी

कूलरचं पाणी बदलताना टाकीतलं जुनं पाणी फेकायच्या ऐवजी कुंड्यांना घालतात बरेच लोक. चालते का?

पाणक्या

नाही! नाही! नाही! मोठ्याने सांगतो, कारण ही चूक नागपुरात घरोघरी होते.

कूलरमध्ये पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. रोज वरून नवं पाणी भरतो, त्याचे क्षार मागच्यांत मिसळतात. आठवड्याने टाकीत जे उरतं ते नळाच्या पाण्याच्या कितीतरी पट खारं असतं. ताट्यांवर जमणारा पांढरा थर तोच. आरओमधून बाहेर सोडलं जाणारं पाणीही तसंच, क्षार एकवटलेलं. फरशी पुसा त्याने, झाडांना नको. याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतली वाफ गार होऊन आलेलं असतं, त्यात क्षार जवळजवळ नाहीत. ते या दोन्ही झाडांना उत्तम, फक्त त्यात झाडाला पोसणारं काहीच नसतं हे लक्षात ठेवून नळाच्या पाण्यात निम्मं मिसळून घाला. पावसाचं साठवता आलं तर त्याहून चांगलं काही नाही.

पेंच-कन्हान नद्यांचं नळाला येणारं पाणी साधारण चालून जातं. बोअरचं असेल तर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या, स्वस्त मिळतो. ३०० पर्यंत निश्चिंत. ३०० ते ६०० मध्ये महिन्यातून एकदा कुंडी धुवायची. त्यावर असेल तर अर्धं एसीचं किंवा पावसाचं मिसळल्याशिवाय घालू नका. कुंडी धुणं म्हणजे कुंडीच्या मापाच्या तिप्पट पाणी हळूहळू वरून ओतून खालून पूर्ण वाहू देणं. आठ इंची कुंडीला साधारण १२ लिटर. एकदम नाही, तीन टप्प्यांत, मधे दहा-दहा मिनिटं थांबून. ताटलीत उतरलेलं पाणी लगेच फेकायचं.

पीस लिलीच्या पानांची टोकं तपकिरी होतात ती निम्म्याहून जास्त वेळा या क्षारांमुळे. तिला फ्लोराइडही सोसत नाही. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही बोअरच्या पाण्यात ते भरपूर असतं. पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन निघून जातं, फ्लोराइड आणि क्षार जात नाहीत. म्हणून शिळं पाणी घातलं तरी टोकं जळतातच. सिंगल सुपर फॉस्फेटमध्येही फ्लोराइड असतं, ते खत पीस लिलीच्या कुंडीत टाकू नका.

अबोली_४४००१०

शिळं पाणी सगळीकडे उपाय म्हणून सांगतात, आणि मुख्य त्रास त्याने जातच नाही. छान कळलं.

पाणक्या

आणखी एक, पाण्याच्या तापमानाचं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. ते मुळांवर घातलं की दुसऱ्या दिवशी पानं उकडल्यासारखी लोंबतात. सकाळी सातच्या आत द्या, किंवा बादलीत भरून घरात गार होऊ द्या.

किती द्यायचं? पीस लिलीला बोट एक इंच खाली घाला, तिथे ओल नसेल तर खालून निथळेपर्यंत. नागपुरी मेमध्ये हे जवळजवळ रोज येतं, जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून दोनदा, डिसेंबरमध्ये आठवड्यातून एकदा. अँथुरियमच्या सोडणात बोटाने कळत नाही. कुंडी उचलून वजन बघा. मेमध्ये रोज सकाळी, पण तुकड्यांतून पाणी भर्रकन निघून जातं म्हणून पाच मिनिटांनी दुसऱ्यांदा ओता. पहिल्या पाण्याने सोडण नुसतं ओलावतं, दुसऱ्याने ते पितं.

हिरवा_चाफा

पाणक्यांना जोडून : पीस लिली तहानली की सगळी पानं कुंडीच्या कडेवरून खाली सोडते, पाणी दिलं की दोन-चार तासांत उभी. तिने सांगितल्यावरच पाणी द्यायचं असा अनेकांचा नियम आहे. तो चांगला नाही. दर वेळी मुळांची टोकं मरतात, खालची पानं पिवळी पडतात. मान किंचित झुकली तेवढ्यावर पाणी द्या.

आणि माती ओली असूनही झुकलेली असेल तर पाणी मुळीच देऊ नका. मेच्या दुपारी नुसत्या उष्म्यानेही झुकते, संध्याकाळी सातनंतर आपोआप उभी राहते. रात्रीही झुकलेलीच राहिली तर कुंडी उलटी करा. मूळ दोन बोटांत धरून ओढा. साल मोज्यासारखी निसटून आत दोरा उरला तर ते कुजलं आहे. सगळी कुजलेली मुळं कापा, तेवढ्याच प्रमाणात पानंही कमी करा, नव्या मिश्रणात लहान कुंडीत लावा. मोठ्या कुंडीत लावलं तर जास्तीची ओल तशीच राहून पुन्हा कुजतं.

एप्रिल-मेत लाल कोळी येतो. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका, पडलेल्या ठिपक्यांवरून बोट फिरवा, लालसर रेघ उमटली तर तोच. पानांची पाठ सकाळी पाण्याच्या धारेने धुवा, आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे. पिठ्या ढेकूण अँथुरियमच्या देठांच्या बेचक्यांत बसतो, कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक टिपा. कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली आणि १ मिली भांड्यांचा पातळ साबण, तेही आधी एका पानावर करून बघून, ऊन कलल्यावर, आणि ३५ अंशांच्या वर कधीच नाही. तेल लावलेलं पान उन्हात भाजतं.

रोपवेडा_ना

पीस लिली हवा शुद्ध करते, म्हणून तिला एक मत जास्त.

मुळाक्षर

@रोपवेडा, तो नासाचा १९८९ चा प्रयोग. बंद, लहान पेटीत झाडं ठेवून केलेला. वाऱ्याने खेळत्या घरात त्याचा उपयोग जाणवत नाही, आणि उघड्या बाल्कनीत तर मुळीच नाही. फुलासाठी ठेवा, तेवढं पुरेसं कारण आहे.

अबोली_४४००१०

एक वेगळं सुचवते. या दोघींऐवजी अबोली का नको? अर्ध्या सावलीत फुलते, इथली हवा सोसते, गजराही होतो.

काकूंची_गच्ची

अबोली माझीही लाडकी, पण तिला रोज दोन-तीन तासांचं तरी कोवळं ऊन लागतं. हिवाळ्यात कवडसाही न येणाऱ्या बाल्कनीत ती नुसती उंच जाईल. उन्हाळ्यात सकाळचं ऊन येतं त्या पूर्व टोकाला मार्च ते सप्टेंबर ठेवता येईल. पण ताईंचा प्रश्न बारमाहीचा आहे.

खताचं राहिलंय, ते घेऊन टाकू. एप्रिल ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत काहीच नाही. उष्म्यात मुळं काम थांबवतात, खत क्षार होऊन साचतं. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर तसंच बंद. मधल्या काळात पीस लिलीला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला १ ग्रॅम, १५ दिवसांनी एकदा. अँथुरियमच्या मिश्रणात खाण्यासारखं काही नसतं, म्हणून त्याला कमी पण वारंवार : तेच खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्याला. महिन्यातून एकदा कॅल्शियम नायट्रेट अर्धा ग्रॅम आणि वेगळ्या आठवड्यात मॅग्नेशियम सल्फेट अर्धा ग्रॅम. कॅल्शियम नायट्रेट बाकी खतांच्या पाण्यात एकत्र करू नका. पाणी दुधाळ होऊन तळाशी साका बसतो, झाडाला दोन्ही मिळत नाहीत. कोरड्या मुळांवर खत कधीच नाही, आधी साधं पाणी.

वैशाखवणवा

थंडीही विसरू नका. नागपूर म्हटलं की सगळे उन्हाचं बोलतात, पण २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंश नोंदलं गेलं होतं. १५ अंशांखाली दोघींची वाढ थांबते, १० च्या खाली अँथुरियमच्या पानांवर काळपट पाणीदार डाग येतात. रात्री १२ च्या खाली जाईल असं दिसलं की अँथुरियम घरात. पीस लिलीला बाल्कनीतच भिंतीजवळ सरकवलं तरी भागतं. उन्हाळ्यात शत्रू असलेली तीच भिंत तेव्हा कामी येते.

रोपवेडा_ना

घरात मांजर आहे. चालेल का?

हिरवा_चाफा

दोन्ही झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्च्या अळूने घसा खाजतो तोच प्रकार. मांजराने पान चावलं तर लाळ गळते, तोंड सुजतं. लहान मूल आणि मांजर पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा, आणि फुटवे वेगळे करताना हातमोजे घाला.

सावलीतली_बाग

सगळ्यांचे मनापासून आभार. आता ठरवते ते असं : आधी पश्चिमेला शेडनेट आणि तिच्या आत वाळ्याची ताटी. काकूंची हाताची चाचणी आज सकाळी केली. कठड्याजवळ बोटं ओळखू येतात, आत दोन फुटांवर नुसता धूसर ढग. म्हणजे तीन पीस लिली आत, एक अँथुरियम कठड्याजवळ पूर्वेच्या टोकाला, दुहेरी कुंडीत. आता मार्च संपतोय. लगेच आणू की पावसाची वाट पाहू?

मुळाक्षर

पीस लिली आत्ता आणली तरी चालेल, पण नर्सरीच्या कुंडीतून हलवू नका. तशीच मोठ्या कुंडीत बसवून ठेवा, उन्हाळा काढा. अँथुरियम जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, दोन चांगले पाऊस पडल्यावर आणा. नव्या मिश्रणात लावल्यावर त्याला मुळं धरायला सहा आठवडे लागतात, आणि ते सहा आठवडे एप्रिल-मेत गेले तर झाड हातचं जातं. सोडण मात्र आत्ताच भिजवून, धुऊन, सुकवून ठेवा.

जूनमध्ये कुंडी बदलताना पीस लिली सध्याच्या कुंडीपेक्षा दोन इंचच मोठ्या कुंडीत लावा. तिला मुळं दाटलेली आवडतात. मोठ्या कुंडीत ती आधी मुळं भरत बसते, मग फुलं. अँथुरियम लावताना बुंधा मिश्रणाच्या वर राहू द्या, फक्त मुळं झाका. दोन वर्षांनी खोड उंच होऊन वरची मुळं लोंबायला लागली की त्या मुळांसकट शेंडा कापून नव्याने लावायचा, खालच्या खुंटाला बगलेतून फुटवे येतात.

काकूंची_गच्ची

आणि अँथुरियम आणाल तेव्हा नर्सरीत पान उलटं करून बघा. पावसाळ्यात करप्याची पिवळी कडा असलेली रोपं सवलतीत असतात. ती घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

गोकुळपेठी

ताटी बांधून झाली की फोटो टाका ताई. आणि कुंडीखाली विटा ठेवायच्या विसरू नका.